निवासी डॉक्टरांचा छळ आणि कायदा

एम.डी., एम.एस. करणारा निवासी डॉक्टर विद्यार्थीही असतो आणि रुग्णालयाचा कर्मचारीही. त्याचे शिकणे व ड्युटी बरीचशी वरिष्ठांच्या हाती असते. म्हणून अपमान, जातीवरून टोमणे 'शिस्त' या नावाखाली खपतात. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरने जीवन संपवले. वरिष्ठांनी छळ केल्याची तक्रार कुटुंबीयांनी केली.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यानुसार विद्यार्थी, पालक वा शिक्षकाची लेखी तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी लागते. टाळल्यास तोही गुन्ह्यास साथ देणारा ठरतो.

आम्ही बँकेतले, पोच नसलेला कागद कसा हरवतो, हे जाणतो. विद्यार्थ्यांनो, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पालकांनो, 'सहन कर' एवढेच सांगून थांबू नका.