जपानचे दहा दिवस आणि कॅम्प एकची वही

आपल्या कारखान्याचे सभासद हल्ली परदेशी जाऊन येतात, त्यात नवल राहिलेलं नाही. कुणाचा मुलगा तिकडं नोकरीला असतो, कुणी टूर कंपनीबरोबर जातो. परत आला की पारावर बसून फोटो दाखवतो. परंतु जाण्याआधी घरात जी वादावादी होते, काय बघायचं आणि मुख्य म्हणजे काय सोडायचं यावरून जे रुसवेफुगवे होतात, ते कुणी सांगत नाही. आम्ही २०२४ च्या मे महिन्यात जपानला जाऊन आलो. त्या वादावादीचीच हकिगत सभासद बंधूंपुढं ठेवीत आहोत.

जाणारे चौघे. आम्ही, आमच्या सौभाग्यवती, थोरली बहीण अक्का आणि तिचे यजमान. दाजी शहाडच्या रेयॉन कारखान्यातून निवृत्त झाले, आणि त्यांचं बिऱ्हाड पहिल्यापासून उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमध्ये. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीनं पुढचं स्टेशन शहाड, तिथून चालत. दुसऱ्या महायुद्धात ही लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकी राहायला मिळाल्या, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकी गेल्या, इमारती झाल्या, कॅम्पांचे नंबर मात्र तसेच राहिले. अक्काची मुलगी टोकियोत कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. “मामा, एकदा या,” असं ती चार वर्षं म्हणत होती. २०२४ च्या संक्रांतीला आम्ही अक्काकडं गेलो आणि तिळगुळाच्या ताटावरच विषय निघाला.

भाचीचं म्हणणं, मार्चअखेर या, साकुरा फुलतो. साकुरा म्हणजे तिकडची चेरीची फुलं. सगळा देश त्या आठ-दहा दिवसांत झाडाखाली बसतो म्हणे. आम्ही फोनवरच सांगितलं, बाई, फुलं फुलायची तारीख तुमच्या हवामान खात्याला सांगता येत असेल, आमच्या तोडीची तारीख चिटबॉयलाही सांगता येत नाही. आणि झालं तसंच. आमच्या उसाला तोड आली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. ऊस गेला म्हणजे काम संपलं असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण पाचट सरीत दाबणं, बुडखे छाटणं, खोडव्याला पहिला खताचा हप्ता आणि पाणी, हे पंधरा दिवसांत झालं नाही तर पुढच्या वर्षीचं टनेज गेलंच समजा. फुलांसाठी खोडवा सोडणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. गंमत अशी की त्या वर्षी टोकियोत फुलं उशिरा, २९ मार्चला उमलली. वीस तारखेचं तिकीट काढून बसलेले पुष्कळ लोक कळ्या बघून परत गेले.

मग महिना कोणता? एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानात सुट्ट्यांची माळ असते, तिला ते गोल्डन वीक म्हणतात. त्या वेळी गाड्या, हॉटेलं सगळं भरलेलं. जूनमध्ये तिकडं पावसाळा लागतो, आणि आपल्याकडंही जून-जुलैत आडसालीची तयारी. राहिला मेचा उत्तरार्ध. त्यातही मार्चात लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या. आपल्याकडं मतदान ७ मेला, पण कल्याण मतदारसंघात २० मेला. दाजी म्हणाले, “मत टाकल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही.” झालं, २१ मेच्या रात्रीचं विमान ठरलं आणि १ जूनला परतीचं. रात्री मोजल्या तर जपानात दहा.

आता या दहा रात्री कुठं काढायच्या? हा प्रश्न आम्ही ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिला असता. पण व्हिसाच्या अर्जाबरोबर दिवसवार तक्ता जोडावा लागतो. कोणत्या तारखेला कोणत्या गावात, मुक्काम कुठं, सगळं लिहून द्यायचं. (एप्रिल २०२४ पासून आपल्या लोकांना प्रवासासाठी जपानचा ई-व्हिसा मिळू लागला, तरी तक्ता चुकला नाही.) म्हणून मार्चअखेरीस पुन्हा कॅम्प एक गाठला आणि दोनशे पानी वही उघडली.

सुरुवातीला पुढ्यात एका टूर कंपनीचं रंगीत पत्रक होतं. आठ रात्रींत टोकियो, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योटो, हिरोशिमा, ओसाका. आमच्या सौभाग्यवती हरखून गेल्या, एवढ्या पैशात सात गावं! आम्ही मात्र हिशेब केला. एका मुक्कामावरून उठायचं, सामान बांधायचं, स्टेशन गाठायचं, नव्या गावात हॉटेल शोधायचं, यात अर्धा दिवस जातो. सहा वेळा उठलात तर तीन दिवस गाठोडं बांधण्यातच गेले. उसाची गाडी दोन दिवस कारखान्याच्या अड्ड्यावर उभी आणि गव्हाणीत दहा मिनिटं, त्यातला प्रकार. आम्ही पत्रकाच्या मागच्या बाजूला गावांऐवजी अंथरुणं लिहायला घेतली. दहा रात्री, अंथरुणं किती? चार, फार तर पाच. याहून जास्त नाही, असं सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते ठरलेली ही एवढीच गोष्ट.

कारण पुढं प्रत्येकाचं गाव निराळं. भाचीला आम्हाला फुजी पर्वताजवळ न्यायचं होतं. दाजींना हिरोशिमा. “माणसानं एकदा तिथं जाऊन उभं राहावं,” एवढंच ते म्हणाले आणि पुढं वाद घालेनात, त्यामुळं त्यांना नाही म्हणणं अवघड झालं. सौभाग्यवतींना क्योटो. आणि आम्हाला, खरं सांगायचं तर, ओकिनावा. जपानात ऊस पिकतो तो दक्षिणेकडच्या ओकिनावा आणि कागोशिमाच्या बेटांवर. उत्तरेला होक्काइडोत बीटापासून साखर करतात. ओकिनावाच्या आठ लहान बेटांवर अजून उसाच्या रसापासून कोकुतो नावाचा काळा गूळ निघतो. ऊस उत्पादकानं जपानला जायचं आणि ऊस बघायचा नाही, हे आमच्या जिवाला लागलं. पण नकाशा काढला तर टोकियोपासून ओकिनावा दीड हजार किलोमीटर, विमानाशिवाय जमायचं नाही. शिवाय त्यांची तोड जानेवारी ते मार्च, आणि मेअखेर तिकडं ऐन पाऊस. रिकाम्या रानात उभं राहून आम्ही काय बघणार होतो? वहीतलं ओकिनावा आम्हीच आमच्या हातानं खोडलं.

फुजीचंही तेच झालं. मेअखेर ढगात डोंगर दिसेलच याचा भरवसा नाही, आणि गर्दी इतकी की फुजीच्या पायथ्याच्या एका गावानं २१ मे २०२४ रोजीच, म्हणजे आम्ही निघालो त्याच दिवशी, फोटो काढणाऱ्यांना आळा घालायला रस्त्याकडेला काळा पडदा उभारला. गाडीच्या खिडकीतून दिसला तर दिसला, असं ठरलं. (दिसला नाही.)

खरी अडचण अक्काची होती आणि ती बिचारी बोलतच नव्हती. अक्का माळकरी. जपानात मांस टाळता येतं, पण सुक्या माशाचं पाणी तिकडच्या आमटीत, भाजीत, शेवयांच्या रश्शात, सगळ्यात असतं. नुसती भाजी दिसली तरी खाली मासा असतो, असं भाचीनंच सांगितलं. अक्का म्हणाली, “मी दहा दिवस फळांवर राहीन, माझ्यापायी तुमचं अडवू नका.” त्यावर दाजी जे चिडले, ते काय सांगू! शेवटी भाचीनं कोयासानचं नाव काढलं. ओसाकाच्या दक्षिणेला डोंगरावर बाराशे वर्षांचं बौद्ध क्षेत्र आहे. तिथल्या मठांत उतरता येतं आणि भिक्षूंचंच जेवण मिळतं. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. अक्कानं पहिल्यांदाच वहीत डोकावून पाहिलं. दाजी म्हणाले, अरे, तिथल्या विद्यापीठात आपल्या बाबासाहेबांचा पुतळा आहे! बरोबर होतं. २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कोयासान विद्यापीठात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. कोयासान पक्कं झालं ते असं, जेवणावरून.

त्याच दिवशी शेजारचे सिंधी काका चहाला आले. त्यांच्या घरातली जुनी मंडळी कापडाच्या व्यापारात, नात्यातले काही कोबेला. ते म्हणाले, “टोकियोत चार दिवस राहताय ना, मग अर्धा दिवस योकोहामाला जा. बंदरावरच्या बागेत आपल्या लोकांचा पाण्याचा फवारा आहे.” १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, त्यात तिथले हिंदी व्यापारीही गेले. बरेच जण मग कोबेला हलले. योकोहामाच्या लोकांनी संकटात आपल्या माणसांना आसरा दिला, त्याची आठवण म्हणून हिंदी व्यापाऱ्यांनी १९३९ साली यामाशिता बागेत ते पाणपोईसारखं स्मारक बांधून दिलं. कुठल्याही पत्रकात नसलेली ही जागा आम्हाला कॅम्प एकमध्ये चहाच्या कपावर मिळाली. आम्ही गेलो, नळाखाली ओंजळ धरली, काकांसाठी फोटो काढला.

शेवटी तक्ता असा झाला. टोकियो चार रात्री, क्योटो तीन, हिरोशिमा एक, कोयासान एक, ओसाका एक. उतरायचं टोकियोला आणि परतायचं ओसाकाहून. आल्या वाटेनं पुन्हा टोकियोला यायचं म्हणजे एक दिवस आणि पाचशे किलोमीटरचं भाडं फुकट. रेल्वेच्या पासाबद्दल सभासदांनी सावध असावं. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. आमच्या मार्गाची सुटी तिकिटं साधारण ३६ हजार येनमध्ये झाली. येन तेव्हा त्रेपन्न-चोपन्न पैशांना होता, त्यावरून हिशेब करा. तरी दोघांच्या सगळ्या प्रवासात दोन एकर उसाचं बिल गेलं, हे लपवत नाही. दुसरी गोष्ट सामानाची. क्योटोच्या हॉटेलातून मोठ्या बॅगा कुरियरनं थेट ओसाकाच्या हॉटेलात पाठवल्या आणि मधले दोन मुक्काम एकेका पिशवीवर केले. अक्काच्या गुडघ्यांनी या एका गोष्टीसाठी भाचीला आशीर्वाद दिला.

प्रत्यक्षात काय झालं? टोकियोचे चार दिवस सुखाचे गेले. भाची राहते त्या निशि-कासाई भागात आपली माणसं इतकी की वाण्याकडं तूरडाळ मिळते. ज्या एडोगावा विभागात हा भाग येतो, तिथल्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली निवडून आले होते. बुलेट गाडीत शेजारच्या म्हाताऱ्या जपानी गृहस्थानं दाजींच्या बोटावरची शाई पाहून खुणेनं विचारलं, लागलं का? दाजींनी खुणेनंच मतपेटी दाखवली. त्याला काय कळलं देव जाणे, पण उठून वाकून नमस्कार केला.

क्योटोत आमचं गणित चुकलं. तीन रात्रींपैकी एक दिवस मुसळधार पावसात गेला, आणि प्रसिद्ध देवळांत पायऱ्या आणि माणसं यांखेरीज आम्हाला फारसं काही दिसलं नाही. अक्का एका ठिकाणी खालीच बसून राहिली. फुशिमी इनारीला मात्र पहाटे गेलो, म्हणून बरं झालं. इनारी हा भाताचा देव, शेतकऱ्याचा. लाल कमानींखालून चढणीच्या पहिल्या टप्प्यापर्यंतच गेलो आणि परतलो. नारात पन्नास फुटांचे ब्राँझचे बुद्ध पाहिले. इसवी सन ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूनं केला होता.

हिरोशिमात संग्रहालयात सव्वाआठला थांबलेलं घड्याळ आहे, एका लहान मुलाची जळकी तीनचाकी सायकल आहे. दाजी त्या सायकलीपुढं बराच वेळ उभे होते. संध्याकाळी जेवले नाहीत. जवळचं मियाजिमा बेट वहीत होतं, तिकडं कुणी जायचं नाव काढलं नाही.

आणि कोयासान. ओसाकाहून रेल्वे, मग तारेच्या दोरानं ओढली जाणारी गाडी. मठात जमिनीवर गादी, पुढ्यात लाखेची तबकं. समुद्रशेवाळाच्या पाण्यात शिजवलेली भाजी, तिळाचा मऊ गोळा, भात, लोणचं. अक्कानं नऊ दिवसांत पहिल्यांदा न विचारता घास घेतला आणि भात दोनदा मागून घेतला. सकाळी सहाच्या प्रार्थनेनंतर देवदाराच्या रानातून ओकुनोइनला गेलो. दोन्ही अंगांना हजारो समाध्या. तिथले कोबो दाइशी इसवी सन ८३५ मध्ये गेले असं कुणी म्हणत नाही. ते आत ध्यानस्थ बसले आहेत, अशी श्रद्धा, आणि रोज दोन वेळा त्यांना नैवेद्याचं ताट जातं. भाचीनं हे सांगितलं तशी अक्का म्हणाली, “म्हणजे आळंदीच की,” आणि चप्पल काढून हात जोडले. विद्यापीठातल्या पुतळ्यापुढं दाजींनी आणि आम्ही डोकं टेकवलं. दुपारी खाली उतरायचं तिकीट होतं. अक्का काही बोलली नाही, पण तिची पावलं जड होती. क्योटोची एक रात्र इथं दिली असती तर, हे आम्हाला तेव्हा कळलं. तुम्ही जाल तेव्हा ही दुरुस्ती करून घ्या.

उसाचं म्हणाल तर, निघताना भाचीनं टोकियोतल्या ओकिनावाच्या दुकानातून कोकुतोचं पाकीट आणलं होतं. चव आपल्या काळ्या गुळासारखी, मागून जराशी खारट. खडे ठिसूळ, दाताखाली भुगा होणारे. त्यातला एक पुडा गटऑफिसमध्ये ठेवला आहे, शेतकी मदतनिसांकडं मागितला तर चाखायला मिळेल. खोडरेघांसकट वहीची नक्कलही तिथंच आहे. मूळ वही अक्का देत नाही.