मोटारसायकल उचलणे व टेकू देणे

मोटारसायकल उचलून तिला टेकू देणे ही दुचाकीच्या देखभालीतील प्राथमिक क्रिया आहे. साखळी साफ करून तिला तेल देणे, चाक काढणे, ब्रेकचे पॅड बदलणे, टायर तपासणे अशा कामांसाठी गाडीचे एक किंवा दोन्ही चाके जमिनीपासून अधांतरी करावी लागतात. त्यासाठी मधला स्टँड (बोलीभाषेत डबल स्टँड किंवा मेन स्टँड), पॅडॉक स्टँड, जॅक व लाकडी ठोकळे यांचा उपयोग होतो. गाडी उचलताना जितकी काळजी घ्यावी लागते तितकीच ती उचलल्यानंतरही घ्यावी लागते. कारण चाकासारखा जड भाग काढला की गाडीचा तोल बदलतो.

तत्त्व

उभी गाडी स्थिर राहण्यासाठी तिला जमिनीवर किमान तीन बिंदूंचा आधार लागतो. मधल्या स्टँडचे दोन पाय व एक चाक मिळून असा त्रिकोण तयार होतो. गाडीच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली लंबरेषा या त्रिकोणाच्या आत पडते, तोवर गाडी उभी राहते. मागचे चाक काढल्यास भार पुढे सरकतो व गाडी पुढच्या चाकावर टेकलेली राहते. पुढचे चाक काढल्यास मात्र गुरुत्वमध्य मागे सरकतो, पुढचा आधारही जातो आणि गाडी पुढे-मागे झुलू शकते. म्हणून पुढचे चाक काढण्यापूर्वी पुढील बाजूस स्वतंत्र टेकू देणे आवश्यक असते.

हिरो स्प्लेंडरसारख्या हलक्या मोटारसायकलीचे वजन सुमारे ११० किलोग्रॅम, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे सुमारे १९५ किलोग्रॅम असते. कलंडू लागलेली एवढी वजनदार गाडी एका माणसाने हाताने सावरणे धोक्याचे आहे. अशा वेळी गाडी सोडून बाजूला होणे हाच सुरक्षित मार्ग होय.

मधला स्टँड

मधला स्टँड तरफेच्या तत्त्वावर चालतो. गाडीच्या डाव्या बाजूस उभे राहून डाव्या हाताने हँडल सरळ धरावे व उजव्या हाताने आसनामागील पकड धरावी. उजव्या पायाने स्टँड खाली दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला एकाच वेळी टेकल्याची खात्री करावी. त्यानंतर शरीराचा सगळा भार त्या पायावर द्यावा. गाडी मागे सरकत आपोआप वर चढते. हातांचे काम केवळ दिशा देण्याचे असते. कमरेतून वाकून गाडी ओढल्यास पाठीला इजा होऊ शकते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून संरक्षक आवरण असणे बंधनकारक आहे. गाडी उचलताना ही पकड उपयोगी पडते. ‘साडी गार्ड’ या नावाने ओळखले जाणारे आवरण मात्र भार पेलण्यासाठी नसल्याने ते धरून गाडी उचलू नये.

स्टँडवर चढलेली गाडी पुढे ढकलली की खाली उतरते. त्यामुळे घट्ट नट सोडवताना पुढच्या दिशेने बसणारा हिसका धोक्याचा ठरतो. पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून ठेवल्यास पुढचे चाक फिरत नाही.

पॅडॉक स्टँड

चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या अनेक गाड्यांना मधला स्टँड नसतो. अशा गाड्यांसाठी पॅडॉक स्टँड वापरतात. तो मागील चाकाच्या स्विंगआर्मखाली किंवा स्विंगआर्मवर बसवलेल्या बॉबिनमध्ये अडकवून त्याचा दांडा खाली दाबला जातो. या वेळी गाडी साइड स्टँडवरून सरळ करावी लागत असल्याने ती धरण्यासाठी दुसरी व्यक्ती असावी. दोन्ही चाके उचलायची असल्यास आधी मागचा व नंतर पुढचा स्टँड लावतात.

जॅक व ठोकळे

मोटारगाडीचा जॅक इंजिनखाली लावण्याची पद्धत आढळते. इंजिनचे आवरण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते व एका बिंदूवर दाब आल्यास ते तडकू शकते. सायलेन्सरचा पाइपही चेपतो. ज्या गाड्यांच्या इंजिनखालून चौकटीच्या नळ्या जातात, तेथे त्या नळ्यांखाली जाड फळी ठेवून जॅक लावता येतो. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. म्हणून गाडी वर आल्यावर तिच्याखाली भक्कम लाकडी ठोकळे सरकवावेत. विटा भाराखाली अचानक फुटतात, त्यामुळे त्या वापरू नयेत.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

सांताक्रूझ, अंधेरी, घाटकोपर यांसारख्या भागांत घरासाठी स्वतंत्र गॅरेज क्वचितच असते. देखभालीचे काम सोसायटीच्या आवारात, इमारतीखालील स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत होते. भारतीय हवामान विभागाच्या सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. या दिवसांत साखळीवरचे वंगण धुऊन जाते व गाडी वारंवार उचलावी लागते. नेमकी त्याच वेळी जमीन ओली व शेवाळलेली असते.

पाणी वाहून जावे म्हणून आवाराला उतार दिलेला असतो. उतारावर काम करणे टाळावे. पर्याय नसल्यास गाडीचे तोंड चढाच्या दिशेने ठेवावे. उताराकडे तोंड असलेली गाडी स्टँडवरून पुढे घसरते. पेव्हर ब्लॉक सैल असल्यास किंवा उन्हाने डांबर मऊ झाल्यास स्टँडचा एक पाय खचतो, म्हणून दोन्ही पायांखाली एकच रुंद प्लायवुडचा तुकडा घालावा. शेजारी ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांपासून अंतर ठेवावे आणि खेळणाऱ्या मुलांना जवळ येऊ देऊ नये.

साखळी व बोटांची सुरक्षितता

इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये फिरत्या साखळीला फडके लावण्याची सवय सर्वांत घातक आहे. फडके साखळी व दातेरी चक्र यांमध्ये ओढले जाते आणि त्यासोबत बोटे जातात. बोट तुटण्यापर्यंत इजा होऊ शकते. साखळीचे काम करताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये व किल्ली काढलेली असावी. चाक हाताने फिरवावे आणि थांबल्यावरच साखळीला स्पर्श करावा.

कामानंतरची तपासणी

चाक पुन्हा बसवल्यावर अक्षाचा नट गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळतात. डिस्क ब्रेक असल्यास लिव्हर किंवा पेडल अनेकदा दाबून पॅड डिस्कला टेकल्याची खात्री करावी. अन्यथा पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही. ब्रेकला बांधलेली पट्टी व खालील ठोकळे काढल्यावरच गाडी स्टँडवरून उतरवावी.