लाल दिवा काय सांगतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

करंजाला खाडीवरून वारा सुटला की खिडकीच्या गजांना, सायकलच्या रिमला आणि छपराच्या पत्र्याला त्याची पहिली चाहूल लागते. मागे द्रोणागिरीचा डोंगर, समोर धरमतरच्या खाडीपलीकडे रेवस, आणि मधल्या पट्ट्यात हवेत बारा महिने मीठ. इथे पंधरा-वीस वर्षांची मोटार सांभाळणाऱ्याला इंजिनापेक्षा वायरिंग जास्त छळते. गाडी पनवेलला नेली की कोणी सांगतो बॅटरी बदला, कोणी सांगतो डायनामो गेला. पैसे जातात आणि महिन्याभरात दुखणे पुन्हा जागेवर. माझे हात बरीच वर्षे या तारांमध्येच काळे झाले आहेत, म्हणून सांगतो: जुन्या गाडीत वस्तू बिघडते त्याहून अधिक वेळा बिघडतो तो सांधा. त्यातही परतीचा सांधा, ज्याला आपण अर्थिंग म्हणतो.

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात. गाडीतल्या बहुतेक दिव्यांना एकच तार दिसते. मग करंट परत कुठून जातो? गाडीच्या पत्र्यातून. बॅटरीच्या निगेटिव्हची जाड तार बॉडीला बोल्टने कसलेली असते. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. त्यासाठी इंजिनाला स्वतंत्र अर्थिंगची तार किंवा विणलेली पट्टी दिलेली असते. ही तार दिसायला अगदी क्षुल्लक, खाली कुठेतरी चिखलात लपलेली, आणि सगळ्यांत दुर्लक्षित.

आता खाऱ्या हवेचे काम पाहा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. तांब्याची लग, लोखंडी पत्रा आणि मध्ये मिठाचे पाणी, असे दोन वेगळे धातू एकत्र आले की तिथे एक नको असलेली छोटी बॅटरीच तयार होते आणि लोखंड झिजू लागते. वरून बोल्ट घट्ट दिसतो, आतला थर मात्र वीज नीट जाऊ देत नाही.

एका गृहस्थांची गाडी अशीच होती. चावी फिरवली की सेल्फ ‘टक्’ करून गप्प. वर्षभरात त्यांनी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. मला खूण पटली ती वेगळ्याच गोष्टीवरून: चार-पाचदा सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागत होती. इंजिनाची अर्थिंग तुटली की सेल्फचा करंट परतीसाठी मिळेल ती वाट धरतो. इथे तो बिचाऱ्या केबलमधून चालला होता. ही केबल पुढे जळूही शकते, म्हणून हे लक्षण कधी अंगावर काढू नये.

मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला, आणि सेल्फ मारायला सांगितले. काटा ३ व्होल्टवर गेला. खरे तर तो पाव व्होल्टच्या आसपासच राहायला हवा. बॅटरीच्या १२ पैकी ३ व्होल्ट एका गंजलेल्या सांध्यातच खर्ची पडत होते. हिशेब साधा आहे. सेल्फ १०० अँपिअरच्या घरात करंट ओढतो, त्यामुळे सांध्यात ०.०३ ओहम इतका किरकोळ अडथळा असला तरी ३ व्होल्ट गळतात. मीटर ओहमवर ठेवून हा अडथळा सापडत नाही, कारण साधे मीटर तेव्हा अगदी थोडा करंट सोडते. म्हणून मोजायचे ते काम चालू असताना. पॉलिश पेपर, नवा नट-बोल्ट आणि अर्ध्या तासात गाडी सुरू झाली.

आता डॅशबोर्डवरचे दिवे. चावी ‘ऑन’ केली आणि इंजिन अजून सुरू केले नाही, त्या क्षणी बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना हे आधी बघा. दिवा लागतच नाही म्हणून गाडी निर्दोष असे समजू नये. बल्ब गेलेला असतो, नाहीतर काढलेला असतो.

बॅटरीच्या दिव्याची रचना मला फार आवडते. या बल्बचे एक टोक बॅटरीकडे, दुसरे आल्टरनेटरकडे. (डायनामो हे आपल्या तोंडचे जुने नाव.) आल्टरनेटर वीज करत नसतो तेव्हा बॅटरीकडून त्याच्याकडे करंट वाहतो आणि दिवा लागतो. तो वीज करू लागला की दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो, करंट वाहत नाही, दिवा विझतो. म्हणजे गाडी चालू असताना हा दिवा लागला तर बॅटरी खराब आहे असे नव्हे, तिला वीज मिळत नाही असा अर्थ. पट्टा तुटला असेल, कार्बन ब्रश झिजले असतील, तार निसटली असेल. कित्येक गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून तो आहे ना हे आधी पाहावे. दिवा मंद, मिणमिणता लागत असेल तर आल्टरनेटरमधला डायोड किंवा एखादा कच्चा सांधा तपासावा. मोजायचेच तर गाडी बंद करून रात्रभर ठेवावी. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवेत. नवी बॅटरी घेण्याआधी हे आकडे पाहावेत, एवढे मी हट्टाने सांगतो.

ऑइलचा लाल दिवा मात्र चर्चेचा विषय नाही. तो चालत्या गाडीत लागला की बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. स्विचची तार बॉडीला घासली तरी तो लागतो हे खरे, पण ते इंजिन बंद करून तपासायचे.

इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनाचा पिवळा दिवा असतो. २००० च्या सुमारास आपल्याकडच्या छोट्या गाड्यांतही कॉम्प्युटर आला. त्याला बरेचसे सेन्सर ० ते ५ व्होल्टच्या भाषेत निरोप देतात. अर्थिंगमध्ये अर्धा व्होल्ट हरवला तर निरोपच चुकतो. मग स्कॅनर सांगतो सेन्सर खराब, महागडा सेन्सर बदलला जातो, आणि आठवड्याने दिवा पुन्हा हजर! स्कॅनरचा कोड पत्ता सांगतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही.

मागच्या दिव्यांत हा दोष नुसत्या डोळ्यांनी कळतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प मंद होतो. बल्ब बदलत बसू नका, होल्डरची अर्थिंग घासा. इंडिकेटर एकाच बाजूला भराभर लुकलुकत असेल, तर त्या बाजूचा बल्ब गेला आहे.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालण्याची पद्धत अजून पाहतो, आणि अंगावर काटा येतो. शॉर्ट झाला तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. मग फ्यूजऐवजी सीटखालची वायर पेटते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर चावी काढून, दारे लावून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि ती तार व बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा १२ व्होल्टचा बल्ब जोडा. बल्ब पेटलाच, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला तो विझेल, त्या वाटेवर चोर आहे. बहुधा डिकीतला दिवा, नाहीतर नंतर बसवलेला टेप. नुसता अर्धा अँपिअर गळत असला तरी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते.

सांधा घासताना पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासावा, बोल्ट कसावा, आणि मग वरून व्हॅसलीनचा जाड थर द्यावा. आमच्या किनाऱ्यावर हे दर पावसाळ्यापूर्वी. बॅटरीची तार सोडताना आधी निगेटिव्ह सोडावी, आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी. उलटे केले आणि पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडून तो तिथेच चिकटून बसतो.