जुना संगणक सांभाळताना (लेखांक ५) : वॉट सर्वांत शेवटी

मागच्या लेखांकात पंखे आणि धुळीचा समाचार घेतला. आज त्याच डब्यातल्या एसएमपीएसकडे वळू. संगणक मधूनच रीस्टार्ट होत असेल, बटण दोन-तीनदा दाबल्याशिवाय सुरू होत नसेल, तर विंडोज पुन्हा टाकण्याआधी संशय घ्यावा तो याच्यावर. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा देऊ?" याचं उत्तर सर्वांत शेवटी द्यायचं. आधी बघायची भिंत, मग मदरबोर्ड, मग लेबल.

भिंत का, हे धार जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १ जानेवारी २००० रोजी इथे 'ज्ञानदूत' प्रकल्प सुरू झाला. गावागावांतल्या सूचनालयांमधले संगणक टेलिफोनच्या तारेने जोडले गेले. मंडीचे भाव, खसऱ्याच्या नकला, तक्रारींचे अर्ज गावातच मिळू लागले. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कारही मिळाला. पण प्रकल्पाची पाहणी करणाऱ्यांनी ज्या अडचणी नोंदवल्या, त्यांत फोनच्या लाइनीबरोबर वीज होतीच. संगणक होता, चालवणारा होता, लाइट मात्र बेभरवशाची.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरी गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले आणि मोटारी सुरू झाल्या, की गावाकडे व्होल्टेज पडतं. मोटारी बंद झाल्या की चढतं. कागदोपत्री २३० व्होल्ट असलं तरी प्रत्यक्षात काटा खालीवर होत राहतो. म्हणून एसएमपीएसच्या लेबलवर 'इनपुट'ची ओळ आधी वाचा. तिथे १०० ते २४० व्होल्ट आणि 'अ‍ॅक्टिव्ह पीएफसी' असं असेल, तर व्होल्टेज १७० वर आलं तरी तो तग धरतो. २०० ते २४० एवढंच लिहिलेलं असेल, तर तो शहरातल्या चांगल्या लाइनीपुरता. काही जुन्या एसएमपीएसना मागे ११५/२३० चं लाल बटण असतं. ते चुकून ११५ वर राहिलं आणि प्लग लावला, तर आवाज होऊन धूर निघतो. तेव्हा आधी बटण बघावं.

दुसरी गोष्ट अर्थिंग. धार किंवा देवासच्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या पिनेला मागे तारच नसते. मग कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो. दोष एसएमपीएसचा नसतो. त्याच्या आतल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून थोडा प्रवाह कॅबिनेटवर येतो आणि अर्थिंग नसल्यामुळे त्याला जायला वाट मिळत नाही. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टपेक्षा फार जास्त असेल किंवा फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० च्या आसपास आकडा येत नसेल, तर पैसे आधी इलेक्ट्रिशियनला द्या.

आता मदरबोर्ड. एटीएक्स पद्धत १९९५ ची; तिचा मुख्य कनेक्टर २० पिनांचा होता. पेंटियम ४ बरोबर प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला आणि पुढे मुख्य कनेक्टर २४ पिनांचा झाला. हल्लीच्या बहुतेक एसएमपीएसच्या २४ पिनांतल्या चार सुट्या होतात, त्यामुळे जुन्या बोर्डात तो बसतो. पण बसला म्हणजे भागलं असं नाही. पेंटियम ३ किंवा अ‍ॅथलॉनच्या काळातले कित्येक बोर्ड प्रोसेसरला वीज ५ व्होल्टच्या लाइनीवरून देतात. त्या काळच्या एसएमपीएसमध्ये या लाइनीवर ३० अँपिअर सहज असत; आज बहुतेकांत १५ ते २० असतात, सगळा जोर १२ व्होल्टवर. अशा संगणकाला ५ व्होल्टचा रकाना तपासूनच घ्या.

सेकंडहँड ब्रँडेड संगणकांची गंमत निराळीच. साधारण १९९८ ते २००० मधल्या डेलच्या अनेक संगणकांत कनेक्टर नेहमीसारखाच दिसतो, पण आतल्या तारांची जागा वेगळी. साधा एसएमपीएस लावला तर बोर्ड जळू शकतो. अलीकडच्या डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिस मॉडेलांत कनेक्टरच आठ, दहा, चौदा पिनांचे असतात. त्यांना त्याच मॉडेलचा एसएमपीएस किंवा योग्य जोडतार लागते. इंदूरला जाण्याआधी जुन्या एसएमपीएसच्या लेबलचा आणि कनेक्टरचा फोटो काढून न्या.

मग लेबल. डब्यावर ठळक '४५० वॉट' छापलेलं असतं, आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. संगणकाच्या कामाची खरी ताकद तेवढीच. हातात घेतल्यावर फारच हलका लागला, तर आतल्या कॉइली आणि गाळणीचे भाग गाळलेले असण्याची शक्यता मोठी. बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा; तो बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो 'यूपीएस' मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला वेळ लागतो, आणि एसएमपीएस पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद दम धरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस बंद पडतात. त्यामुळे शक्य तर साइन वेव्ह घ्यावा.

इतकं झाल्यावर वॉट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या संगणकाला खरे ३०० वॉट पुरून उरतात. घरी आणल्यावर संगणक चालू असताना मोजून घ्या : पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. याबाहेर आकडा गेला तर बिलासकट परत करा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात.

पुढच्या आठवड्यात : जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवताना.