चाकाची साक्ष

मालवाहू पिकअप गाडीच्या डॅशबोर्डवर 'एबीएस' ही अक्षरे असलेला पिवळा दिवा लागतो. गॅरेजात स्कॅनर जोडला की 'सी ००३५' असा संकेतांक उमटतो. कोष्टकात त्याचा अर्थ दिलेला असतो : पुढील डाव्या चाकाचा वेग सांगणारा सेन्सर. मग तो सेन्सर काढून नवा बसविला जातो. कधी दिवा विझतो. कधी काही दिवसांनी पुन्हा लागतो, आणि मालकाचे पैसे मात्र खर्ची पडलेले असतात. असे होण्याचे कारण हे की, संकेतांक ही फिर्याद असते. तो निकाल नव्हे. फिर्यादीत ज्याचे नाव आले तोच अपराधी असे गृहीत धरले, म्हणजे चौकशी सुरू होण्यापूर्वीच संपते.

या सेन्सरवर किती मोठी जबाबदारी आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ब्रेक जोराने दाबल्यावर चाक फिरायचे थांबून अडकून बसले, तर ते रस्त्यावरून नुसते घसरत जाते; मग स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. पिकअपची अडचण आणखी निराळी. तिचा हौदा रिकामा असला की मागील चाकांवर भार थोडा पडतो, ती लवकर अडकतात आणि गाडीचा मागचा भाग आडवा फिरू लागतो. म्हणूनच १९८७ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या एफ-मालिकेतील पिकअप गाड्यांना मागील चाकांपुरती एबीएस यंत्रणा बसविली. पुढे ती चारही चाकांसाठी आली. एखादे चाक अडकण्याच्या बेतात आहे असे दिसताच ही यंत्रणा त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते व पुन्हा वाढविते. परंतु चाक अडकते आहे हे तिला कळावे कसे? केवळ सेन्सरच्या साक्षीवरून.

ही साक्ष कशी तयार होते ते पाहू. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरत असते. त्याच्याजवळ लोहचुंबक व तारेचे वेटोळे असलेला सेन्सर बसविलेला असतो. एकेक दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेची एक लहर उठते. लहरी जितक्या भराभर, तितका चाकाचा वेग अधिक. सेन्सर आणि कडे यांच्यातील फट अगदी बारीक असावी लागते. ती थोडी वाढली तरी लहर दुबळी होते, आणि मंद वेगात तर ती मुळीच पोहोचत नाही. तात्पर्य, साक्ष बिघडली तर सेन्सरबरोबरच कडे, फट, बेअरिंग, वायर, कपलर आणि नियंत्रक यांपैकी कोणावरही संशय घेता येतो.

जनरल मोटर्सच्या गाड्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेच्या थंड प्रदेशात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने पुढील हबवर, सेन्सर जेथे टेकतो नेमक्या त्याच जागी, गंज चढे. गंजाचा थर वाढला की सेन्सर उचलला जाई व फट रुंदावे. गाडी थांबण्याच्या सुमारास, वेग अगदी कमी झाला असता, लहर नाहीशी होई. 'चाक अडकले' असे समजून नियंत्रक ब्रेकचा दाब सैल करी, आणि जेथे गाडी थांबावी तेथे ती पुढे सरके. २००५ साली कंपनीला या दोषासाठी सुमारे आठ लाख पिकअप व तत्सम गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उपाय काय केला? सेन्सरची बैठक घासून स्वच्छ केली व तिला गंजरोधक लेप दिला. सेन्सर बदलला तो ज्यांचा संदेश तरीही कमी भरला त्यांचाच.

यावरून चौकशीचा क्रम ठरतो. संकेतांक पुसण्यापूर्वी तो लिहून ठेवावा. नुकतेच बेअरिंग किंवा टायर बदलले होते काय, हे चालकाला विचारावे. एका चाकाचा टायर लहानमोठा असेल, तर त्याचा वेगही निराळाच दिसतो. मग स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहत गाडी हळू चालवावी; तीन चाके ताशी २० किलोमीटर सांगत असता चौथे शून्य सांगते काय, हे कळते. पाहण्याचे काम दुसऱ्याने करावे. चालकाने दृष्टी रस्त्यावरून काढू नये.

त्यानंतर गाडी जॅकने उचलून स्टँडवर भक्कम टेकवावी. वायर कोठे घासली आहे, कपलरमध्ये हिरवट कीट आहे काय, कड्याचा दात तुटला आहे काय, चाक हाताने हलविले असता बेअरिंग खिळखिळे वाटते काय, हे डोळ्यांनी व हातांनी तपासावे. मीटर त्यानंतर. वेटोळ्याच्या सेन्सरचा विद्युत्‌रोध अनेक गाड्यांत एक ते अडीच हजार ओहमच्या दरम्यान असतो. तो गाडीच्या पुस्तकातील आकड्याशी व समोरच्या चाकाच्या सेन्सरशी ताडून पाहावा. मोजताना वायर हलवावी, कारण आतून तुटलेली तार स्थिर असता पुष्कळदा निर्दोष भासते. अलीकडच्या अनेक गाड्यांत नियंत्रकाकडून वीज घेऊन चालणारे सेन्सर असतात. त्यांना ओहमची मोजणी लावू नये. त्यांच्यापर्यंत वीज पोहोचते की नाही, हे प्रथम पाहावे.

दिवा लागल्यावर एबीएस बंद पडते. साधा ब्रेक चालू राहतो. म्हणून काही चालक महिनोन्‌महिने त्या दिव्याकडे दुर्लक्ष करतात. ते धोक्याचे आहे; ओल्या उतारावर एकाएकी ब्रेक दाबण्याची वेळ आली की उणीव कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊच नये. दुरुस्तीनंतर संकेतांक पुसून गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवावी, आणि चारही चाकांची साक्ष अगदी थांबेपर्यंत एकसारखी जुळते की नाही ते पाहावे. ती जुळली म्हणजेच दुरुस्ती पुरी झाली. दिवा विझला, एवढ्यावरून नव्हे.