पेटींतलीं पत्रें, भिंतीवरचीं चित्रें

भिवंडीलगतच्या राहनाळांत शेतांच्या जागीं गोदामें उभीं राहिलीं. जुनें घर उतरवितांना माळ्यावरची ट्रंक रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं. १८९८ सालीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं पानिपतकालीन पत्रें छापलीं, तीं अशींच जुन्या दप्तरांतून निघालेलीं होतीं.

कागद टिकविण्यापेक्षां तो ओळखणें अवघड. मोडी वाचणारे विरळ झाले. शिवाय पुष्कळ पत्रांवर तिथि व संवत्सराचें नांव एवढेंच असतें, आणि संवत्सर साठ वर्षांनीं फिरून येतें. ‘विकारी’ म्हणजे १८९९ कीं १९५९, हें आंतल्या एखाद्या लग्नाच्या उल्लेखावरूनच ठरवावें लागतें. छायाचित्रांतला पागोटेंवाला गृहस्थ तर, सांगणारी आजी गेली कीं, परकाच! तेव्हां आजी आहे तोंवरच नांव, नातें, गांव चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहावें. शाई पुढें उमटते. आजेसासूची पाटली कोणत्या अडचणींत मोडली, हेंही वहींत असावें. पाटली गेली तरी हकीकत घरांत राहते.

कोकणची हवा दमट. पावसाळ्यापूर्वीं कागदांस सावलींत वारा देऊन ते सुती रुमालांत बांधावे. मोबाईलवर चित्राची प्रत घेतांना पाठीचीही घ्यावी; नांवें तेथेंच असतात.