कोलन, सात शून्ये, एक आणि दोन एफ

चिपला कळतं ते फक्त शून्य आणि एक. मग तिच्यात भरायचा प्रोग्राम नोटपॅडमध्ये उघडून वाचता कसा येतो? डिप्लोमाला किंवा इंजिनीअरिंगला केल या सॉफ्टवेअरवर ८०५१ ही चिप शिकलेल्यांनी ‘क्रिएट हेक्स फाइल’च्या चौकोनात टिक केलेली असते. तिथे जन्माला येणारी हेक्स फाइल वयाने बहुतेक शिक्षकांपेक्षा मोठी आहे.

जन्म कागदाच्या पट्टीवर
साल १९७३. इंटेलने आपल्या ‘इंटेलेक’ या डेव्हलपमेंट यंत्रणेसाठी हा फॉरमॅट बनवला, कारण प्रोग्राम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून चढवायचे होते. कच्चा बायनरी बाइट तसाच तारेवरून पाठवला तर धोका होता. एखादा बाइट नेमका ‘थांब’ या खुणेसारखा निघायचा आणि यंत्र खरंच थांबायचं! म्हणून प्रत्येक बाइट दोन साध्या अक्षरांत लिहायचा, ० ते ९ आणि ए ते एफ. या सोळा चिन्हांना कुठलंही यंत्र अडखळत नाही.

किंमत मोजावी लागते ती जागेची. १६ बाइटांच्या एका ओळीला ४३ अक्षरं लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट.

एक ओळ सोलून बघू
८०५१च्या हेक्स फाइलमध्ये हमखास दिसणारी ही ओळ घ्या:

:०३०००००००२०८००एफ३

कोलन म्हणजे ‘इथून ओळ सुरू’. ०३ म्हणजे माल तीन बाइटांचा. ०००० हा पत्ता, आणि पुढचे ०० सांगतात की हा साधा डेटा आहे. मग खरा माल: ०२ ०८ ००. यातला ०२ म्हणजे ‘उडी मार’ आणि ०८०० म्हणजे कुठे. रीसेट झाल्यावर ८०५१ शून्य पत्त्यावरच जागी होते, तिथेच तिला ही चिठ्ठी सापडते आणि ती पुढे पळते. अख्ख्या प्रोग्रामची पहिली हालचाल डोळ्यांनी वाचता येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

शेवटचा एफ३ हा पहारेकरी. ३ + २ + ८ = १३. एफ३ म्हणजे २४३. दोन्हींची बेरीज २५६, म्हणजे एका बाइटात उरतं शून्य. प्रत्येक ओळीची बेरीज अशी शून्यावर आली पाहिजे, नाहीतर ओळ वाटेत बिघडली. मोटोरोलाने सत्तरच्या दशकातच आपला वेगळा ‘एस-रेकॉर्ड’ काढला. तिथे ओळ कोलनऐवजी ‘एस’ने सुरू होते आणि बेरीज २५५ वर येते.

पहारेकरी चोख असला तरी एक चोरी त्याला दिसत नाही. दोन बाइटांनी आपसात जागा बदलली, तर बेरीज तीच राहते.

पत्ता नाही तर पाकीट कुठे टाकायचं?
हेक्स फाइलची खरी श्रीमंती इथे आहे. बिन फाइलमध्ये नुसते बाइट असतात, ते चिपच्या कुठल्या कप्प्यात जायचे हे तिला ठाऊकच नसतं. त्यामुळे बिनचं हेक्स करताना सुरुवातीचा पत्ता आपणच सांगावा लागतो. एसटीएम३२ चिपची फ्लॅश मेमरी सुरू होते ती ०८०००००० या हेक्स पत्त्यावर, म्हणजे दशमान पद्धतीत १३,४२,१७,७२८ वर. चार अंकी पत्त्यात तर जेमतेम ६५,५३६ घरं मावतात! म्हणून पत्त्याचा वरचा अर्धा भाग सांगणारी ‘०४’ प्रकारची वेगळी ओळ नंतर आली. ती वाचली की खालच्या सगळ्या ओळी त्या पेठेत राहायला जातात.

उलटा प्रवास, म्हणजे हेक्सचं बिन करताना सांभाळा. ‘एसरेक-कॅट’ हे नावाजलेलं टूल बिन फाइल शून्य पत्त्यापासून लिहितं. ऑफसेट द्यायला विसरलात तर काही केबींच्या प्रोग्रामची १२८ एमबीची फाइल होते.

पुसलेली पाटी भरलेली असते
हेक्सचं बिन करताना मधल्या रिकाम्या घरांत काय भरायचं? बहुधा एफएफ, म्हणजे आठही बिट एक. कारण २७१६सारखी ईपीरॉम किंवा आजची बहुतेक फ्लॅश मेमरी पुसली की एकांनी भरते, आणि प्रोग्राम करणं म्हणजे हव्या त्या एकांचं शून्य करणं. इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये शोधलेल्या ईपीरॉमला वर क्वार्ट्झची खिडकी असायची. अतिनील दिव्याखाली ठेवली की चिप कोरी. जुन्या बोर्डांवर चिपच्या डोक्यावर स्टिकर दिसतो तो ही खिडकी झाकायला.

अजूनही कामावर
आर्डुइनो उनोवर ‘अपलोड’ दाबलं की पडद्यामागून जाते ती हेक्स फाइलच. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांच्या हाती आलेल्या बीबीसी मायक्रो:बिटवर मुलं हेक्स फाइल माउसने ओढून टाकतात. मेककोड या एडिटरमध्ये तर त्या फाइलच्या पोटात मूळ प्रोग्रामही दडवलेला असतो. फाइल पुन्हा एडिटरवर टाकली की मुलाचे रंगीत ठोकळे जसेच्या तसे परत येतात.

राहिलं शीर्षक. कोलन, सात शून्ये, एक आणि दोन एफ ही प्रत्येक इंटेल हेक्स फाइलची शेवटची ओळ: माल शून्य, पत्ता शून्य, प्रकार ०१ म्हणजे ‘संपलं’. एक अधिक २५५, झाले २५६. प्रोग्रामर सॉफ्टवेअर फाइल घ्यायला नकार देत असेल तर आधी तळाशी जाऊन ही ओळ शोधा. ती नसेल तर फाइल अर्धवट उतरली आहे, पुन्हा उतरवून घ्या.